बर्फातून बोरीबंदरला

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची जी.आय.पी., हिचे संचालक मंडळ लंडनमध्ये बसे. मुंबईत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला 'एजंट' म्हणत. १८६५ साली या जागेवर जो गृहस्थ आला तो रेल्वेतला नव्हता. तो ब्रिटिश आरमारातला कॅप्टन होता. उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रात हरवलेल्या सर जॉन फ्रँकलिनच्या शोधासाठी त्याने तीन हिवाळे बर्फात अडकलेल्या जहाजावर काढले होते. त्याचे नाव शेरार्ड ऑस्बर्न.

विदर्भातल्या रेल्वेविषयी आणि कोळशाविषयी वाचत असताना हे नाव माझ्यासमोर आले. मी राजूरचा. आमचे गाव वणी तालुक्यातले, कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे. समुद्र इथून शेकडो कोस दूर आणि बर्फ म्हणजे उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो तेवढाच. तरीही या माणसाच्या चरित्राने मला बरीच वर्षे सोडलेले नाही. त्याचे कारण असे, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाफ आणि कोळसा यांनी जगाची अंतरे तोडण्याचा जो उद्योग चालला होता तो या एका आयुष्यात सलग पाहायला मिळतो. त्या उद्योगाचे बळही दिसते आणि त्याचा आंधळेपणाही दिसतो. आमच्यासारखी कोळशावर वसलेली गावे त्याच उद्योगाच्या शेपटाला बांधलेली आहेत.

ऑस्बर्न जन्माने हिंदुस्थानातलाच. २५ एप्रिल १८२२ रोजी मद्रास येथे त्याचा जन्म झाला. वडील कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत अधिकारी होते. १८३७ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो आरमारात दाखल झाला. पुढच्याच वर्षी मलाया किनाऱ्यावरील केडाच्या नाकेबंदीत एक लहान तोफनौका आणि तिच्यावरचे मलायी खलाशी त्याच्या हाताखाली देण्यात आले. आपल्याकडे या वयाचा मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेला बसतो! सयामच्या बाजूने इंग्रजांनी केलेल्या त्या मोहिमेचे वर्णन त्याने १८५७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यानंतर तो पहिल्या अफूच्या युद्धात होता. १८४१ मध्ये कँटनवर आणि १८४२ मध्ये वूसुंगला. ज्या अफूसाठी हे युद्ध झाले तिच्यातला मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून चीनला जाई. मुंबईच्या कित्येक मोठ्या पेढ्यांची पायाभरणी त्या पैशावर झाली आहे, हे विसरता येत नाही.

ऑस्बर्नचे नाव झाले ते मात्र फ्रँकलिनच्या शोधामुळे. युरोपातून कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकमध्ये उतरणारा समुद्रमार्ग, म्हणजे वायव्य मार्ग, शोधण्यासाठी १९ मे १८४५ रोजी फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन निघाला. जुलै महिन्यात देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांना ही जहाजे शेवटची दिसली. त्यानंतर १२९ माणसे जणू पृथ्वीच्या पाठीवरून पुसली गेली. तीन वर्षे गेली तेव्हा लंडनमध्ये काळजीला सुरुवात झाली आणि मग शोधमोहिमांची रांग लागली. शोध नेटाने घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत तरुण लेफ्टनंट ऑस्बर्न होता. १८५० मध्ये कॅप्टन ऑस्टिनच्या हाताखाली चार जहाजे निघाली. 'रेझोल्यूट' आणि 'असिस्टन्स' ही दोन शिडाची, 'पायोनियर' आणि 'इंट्रेपिड' या दोन आगबोटी. 'पायोनियर' ऑस्बर्नच्या ताब्यात होती.

या दोन आगबोटी मुळात गुरे वाहण्यासाठी बांधलेल्या होत्या. त्यांना लाकडाची जादा कातडी चढवून बर्फात पाठवण्यात आले तेव्हा आरमारातल्या अनेक बुजुर्गांना तो पोरखेळ वाटला. शिडाच्या जहाजांचा अनुभव शेकडो वर्षांचा होता. इंजिनाची धग, मळी आणि आवाज त्यांना मानवत नव्हता. पण मेल्व्हिल उपसागरातल्या बर्फात शिडे निकामी ठरली. वारा पडला की जहाज थांबे, आणि बर्फात थांबणे म्हणजे चिरडले जाणे. अशा वेळी 'पायोनियर' मागे सरून जोर घेई आणि बर्फाच्या पातळ पट्ट्यावर नाक आपटून तो फोडी. मागे दोराने बांधलेले शिडाचे जहाज त्या फटीतून ओढले जाई. ऑस्बर्नने १८५२ मध्ये लिहिलेल्या आपल्या आर्क्टिक रोजनिशीच्या पुस्तकात वाफेची बाजू एखाद्या वकिलासारखी मांडली आहे. पुढील काळात बर्फात जाणारी महत्त्वाची बहुतेक जहाजे इंजिन घेऊनच गेली.

१८५० च्या ऑगस्टमध्ये या मोहिमेला आणि तिच्याबरोबरच्या इतर जहाजांना बीची बेटाच्या परिसरात फ्रँकलिनच्या पहिल्या मुक्कामाच्या खुणा सापडल्या. मांसाचे रिकामे डबे, दोरांचे तुकडे आणि तीन कबरी. पुढे कुठे गेलो हे सांगणारी एक चिठ्ठीही नव्हती. हिवाळा आला, जहाजे ग्रिफिथ बेटाजवळ गोठली आणि सूर्य दिसेनासा झाला.

या अंधाऱ्या महिन्यांत माणसे वेडी होऊ नयेत म्हणून जे केले गेले ते दिवाळी अंकाच्या वाचकाला खास जवळचे वाटेल. जहाजांवर नाटके झाली आणि हस्तलिखित वृत्तपत्रे निघाली. त्यांपैकी 'इलस्ट्रेटेड आर्क्टिक न्यूज' हे सचित्र पत्र ऑस्बर्न आणि मॅक्‌डूगल नावाचा त्याचा सहकारी चालवीत. त्यात विनोद, बातम्या, चित्रे, एकमेकांना काढलेले चिमटे असे सगळे असे. शाळेत हस्तलिखित अंक काढलेल्या कुणालाही त्यातली मजा समजेल. लंडनला परतल्यावर १८५२ मध्ये ते जसेच्या तसे छापले गेले.

संदेश पाठवण्याचे प्रयोगही गमतीचे आणि करुण होते. रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या वातीला बांधून फुगे सोडले जात. वात जळत जाई तशी एकेक चिठ्ठी गळून बर्फावर पडे. सापळ्यात धरलेल्या कोल्ह्यांच्या गळ्यात पट्ट्यातून निरोप बांधून त्यांना सोडून दिले जाई. आपली जहाजे कुठे आहेत आणि अन्न कुठे ठेवले आहे हे फ्रँकलिनच्या माणसांपैकी कुणीतरी वाचेल ही आशा. ते वाचायला कुणी उरलेले नव्हते, हे नंतर कळले.

१८५१ च्या एप्रिलमध्ये घसरगाड्यांच्या तुकड्या निघाल्या. कुत्री नव्हती, माणसेच गाड्या ओढत. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दोनशे पौंड वजन येई. मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्याने या प्रवासाचे शास्त्र बनवले होते. वाटेत शिधा पुरून ठेवायचा, सोबतच्या गाड्यांनी ठरल्या जागेवरून मागे फिरायचे, परतीच्या प्रत्येक मुक्कामाचे अन्न आधीच मोजायचे. ऑस्बर्न अशा एका तुकडीचा प्रमुख म्हणून प्रिन्स ऑफ वेल्स बेटाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. बर्फावरच्या उन्हाने डोळे जात, हातपाय हिमदंशाने काळे पडत; तरी ऑस्टिनच्या मोहिमेने आपली जवळजवळ सगळी माणसे जिवंत परत आणली. फ्रँकलिन सापडला नाही, म्हणून लोकांनी तिला अपयशी म्हटले. माझ्या मते या पिढीची खरी कमाई इथे आहे. त्यांनी जाण्याइतकाच परतण्याचा हिशेब केला.

दुसरी मोहीम कटू झाली. १८५२ मध्ये ऑस्बर्न पुन्हा 'पायोनियर'वर, पण या वेळी वरिष्ठ होता सर एडवर्ड बेल्चर. हा मनुष्य कर्तबगार सर्वेक्षक, पण हाताखालच्यांशी वागण्यात भयंकर. दोघांचे इतके बिनसले, की बेल्चरने ऑस्बर्नला अटकेत ठेवले. १८५४ मध्ये बेल्चरने चार धडधाकट जहाजे बर्फात सोडून देण्याचा हुकूम काढला. लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले खरे, पण त्याची तलवार एक शब्दही न बोलता परत केली. त्या मौनातच निकाल होता. सोडून दिलेल्यांपैकी 'रेझोल्यूट' बर्फाबरोबर वाहत बाहेर आले आणि १८५५ मध्ये एका अमेरिकन जहाजाला सापडले. अमेरिकेने ते इंग्लंडला परत दिले. पुढे त्याच्या लाकडाचे टेबल बनवून १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट देण्यात आले. ऑस्बर्नची 'पायोनियर' मात्र तिथेच राहिली.

त्याच १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून मिळालेली बातमी लंडनला कळवली. फ्रँकलिनची माणसे उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. लंडनचा संताप अनावर झाला. खुद्द चार्ल्स डिकन्सने 'रानटी' लोकांच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, असा सूर लावला. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉकने फ्रँकलिनच्या मृत्यूची तारीख, ११ जून १८४७, सांगणारा कागद आणि वाटेवर विखुरलेले सांगाडे शोधून काढले. इनुइट खरे बोलत होते. ऑस्बर्नने १८६० मध्ये फ्रँकलिनच्या अखेरच्या सफरीवर जे पुस्तक लिहिले ते ओघवते आणि हृद्य आहे, पण त्यातले दर्यावर्दी पुतळ्यांसारखे निष्कलंक आहेत. इनुइटांपासून काय शिकायचे हा प्रश्न त्याला पडत नाही. या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

मधल्या काळात त्याची बढती लढायांतून होत होती. १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात अझोव समुद्रातल्या ब्रिटिश जहाजांचे नेतृत्व त्याच्याकडे आले. १८५८ मध्ये 'फ्यूरियस' या जहाजावरून त्याने लॉर्ड एल्जिनला जपानला नेले आणि त्याच वर्षअखेरीस यांगत्से नदीतून थेट हँकौपर्यंत पोहोचवले. हाच एल्जिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्या वर्षी धरमशाला येथे वारला.

१८६३ मधल्या चिनी आरमाराच्या प्रकरणाने ऑस्बर्नचा स्वभाव उघड होतो. चीन सरकारसाठी इंग्लंडमध्ये आगबोटींचा ताफा उभारून ऑस्बर्नला त्याचा सेनापती नेमले होते. होरेशियो ले या मध्यस्थाशी त्याने करार केला होता, की आपण फक्त बादशहाचे हुकूम पाळू आणि तेही लेमार्फत आले तरच. पेकिंगला पोहोचल्यावर दरबाराने सांगितले, की ताफा प्रांतांच्या सुभेदारांच्या हाताखाली राहील. ऑस्बर्नने नकार दिला, जहाजे परत फिरवली आणि ताफा मोडला. इंग्रज लेखकांनी याला बाणेदारपणा म्हटले आहे. मला त्यात चिन्यांची बाजूही दिसते. आपल्या पैशाने घेतलेले आरमार परक्याच्या मर्जीवर कोण ठेवील? कर्जाच्या मोबदल्यात १८५३ मध्ये आपला वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला होता. शिपायांच्या पगाराच्या नावाने मुलूख कसे जातात हे आपल्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

अशा तऱ्हेने आरमारी नोकरीत अडथळे आलेला हा त्रेचाळीस वर्षांचा कॅप्टन १८६५ मध्ये मुंबईला आला. त्या वर्षी मुंबई शेअरबाजाराच्या धुंदीतून खाडकन जागी झाली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध एप्रिलमध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला सट्ट्याचा फुगा फुटला. रेल्वेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते नाना शंकरशेट त्याच महिन्याच्या ३१ तारखेला वारले. जी.आय.पी.च्या थळ घाटातून जाणाऱ्या मार्गावर जानेवारी १८६५ पासून गाड्या धावू लागल्या होत्या आणि भुसावळहून एक फाटा वऱ्हाडातून नागपूरकडे टाकला जात होता. कापसाचे भाव पडले तरी कापूस पिकतच होता आणि बैलगाड्यांच्या तांड्यांनी महिनोन्‌महिने चालणारा तो प्रवास रेल्वे काही दिवसांवर आणणार होती. १८६७ मध्ये नागपूरला पहिली गाडी पोहोचली.

ऑस्बर्न एजंटपदावर फार काळ राहिला नाही. १८६७ मध्ये तो लंडनला दुसऱ्याच उद्योगात होता. पण त्याला या जागी बसवणाऱ्यांची निवड अगदीच विचित्र नव्हती, असे मला वाटते. शेकडो मैल लांबीच्या मार्गावर पाणी आणि कोळसा कुठे ठेवायचा, माणसांच्या तुकड्या कशा पुढे पाठवायच्या, मागचा पुरवठा कसा तुटू द्यायचा नाही, हे प्रश्न घसरगाडीचे आणि आगगाडीचे सारखेच होते. त्यांतला कोळशाचा प्रश्न सर्वांत अवघड. जी.आय.पी.च्या इंजिनांसाठी इंग्लंडचा कोळसा जहाजांनी मुंबईला येई आणि तो घाट चढून विदर्भापर्यंत आणणे म्हणजे दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला.

म्हणूनच रेल्वे नागपूरला पोहोचताच वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाचा शोध नेटाने सुरू झाला. १८७० च्या दशकात वरोऱ्याची सरकारी खाण चालू झाली आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास कोळशासाठी लोहमार्ग टाकला गेला. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. पण बल्लारपूर, घुग्घुस आणि आमचे राजूर ही नावे त्याच साखळीतली पुढची कडी. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा सरकारी दप्तरात 'वून', म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई. राजूरची खाण पुढे १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आली. तिच्यात उतरलेले हात तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तरेतून आले आणि इथलेच झाले. वाफेच्या इंजिनाने गावे जोडली असे आपण म्हणतो. त्याने नवी गावेही वसवली, आणि जमिनीखाली उतरणारी माणसांची एक जात तयार केली, हे खाणीच्या गावात वाढलेल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

ऑस्बर्नचा नवा उद्योग होता समुद्राखालच्या तारांचा. टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेन्टेनन्स कंपनीचा तो व्यवस्थापकीय संचालक झाला. याच कंपनीच्या केबलची भेंडोळी पोटात घेऊन 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातले जगातले सर्वांत मोठे जहाज १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे तार टाकत गेले आणि जूनपर्यंत मुंबई व लंडन समुद्राखालून जोडली गेली. फुग्याला चिठ्ठ्या बांधून सोडणारा आणि कोल्ह्याच्या गळ्यात निरोप अडकवणारा माणूस वीस वर्षांनी महासागरांना तारा बांधत होता. फ्रँकलिनच्या मुक्कामावर न सापडलेली ती चिठ्ठी त्याच्या मनात कुठेतरी राहिली असेल, असे मला नेहमी वाटते.

बर्फ त्याच्या डोक्यातून गेला नव्हताच. १८६५ पासूनच तो नव्या ध्रुवमोहिमेसाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत झगडत होता. त्याचा साथी क्लेमेंट्स मार्कहॅम. हा ऑस्टिनच्या मोहिमेत होता आणि पुढे त्यानेच कोयनेलचे झाड निलगिरीत आणले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८७३ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी ऑस्बर्न रिअर अॅडमिरल झाला आणि वाफेवरचे जहाज बर्फात काय करू शकते ते पाहून येण्यासाठी त्याने कमांडर आल्बर्ट मार्कहॅमला देवमाशांच्या शिकारी जहाजावरून जायला लावले. अखेर सरकार तयार झाले. तयारीच्या समितीत मॅक्लिंटॉक, रिचर्ड्स आणि ऑस्बर्न होते. २९ मे १८७५ रोजी जॉर्ज नेअर्सची जहाजे निघाली. ते पाहायला ऑस्बर्न नव्हता. ६ मे रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो लंडनमध्ये अचानक वारला.

नेअर्सच्या मोहिमेने १२ मे १८७६ रोजी उत्तरेकडचा त्या काळचा उच्चांक गाठला, पण घसरगाड्यांच्या तुकड्यांत स्कर्व्हीने कहर केला. माणसे गाड्या ओढता ओढता कोसळली, काही मेली आणि मोहीम ठरल्यापेक्षा लवकर परत आली. समितीने कोळसा मोजला होता, शिधा मोजला होता, मुक्काम मोजले होते. ताज्या मांसावर जगणाऱ्या, कुत्र्यांच्या गाड्या हाकणाऱ्या, स्कर्व्हीने न मरणाऱ्या इनुइटांकडे पुरेसे पाहिले नव्हते. परतीचा हिशेब शिकवणाऱ्या पिढीच्या हिशेबात हा एक रकाना कोराच राहिला, आणि त्याची जबाबदारी ऑस्बर्नच्याही वाट्याला येते. ज्यांना रानटी समजले त्यांच्याकडे विचारायला जायचे नाही, ही साम्राज्याची खोड होती. ती बर्फातही होती आणि वऱ्हाडातही.

स्मरणाच्या बाबतीत इतिहासाचा न्याय चमत्कारिक आहे. १२९ माणसांसह हरवलेल्या फ्रँकलिनचा पुतळा लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये १८६६ मध्ये उभा राहिला. माणसे परत आणणाऱ्या ऑस्बर्नच्या वाट्याला ग्रीनलंडच्या उत्तर टोकाकडची एक गोठलेली खाडी आली. तिला नाव दिले ते नेअर्सच्याच मोहिमेतल्या, स्कर्व्हीने खंगलेल्या एका तुकडीने.

त्याच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १८७५ मध्येच, हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या फ्रान्सिस फेडन याचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला इरई गावाजवळ त्याला चुनखडीचा एक गुळगुळीत, समांतर ओरखडे पडलेला खडक दिसला होता आणि त्यावर तसेच ओरखडलेले धोंडे. असे ओरखडे सरकत्या हिमनदीनेच पडतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख बर्फाखाली होता. तो बर्फ वितळल्यावर जी दलदल आणि जी अरण्ये झाली त्यांचा कोळसा झाला, आणि तोच आमच्या वणी-राजूरच्या खाली आहे. इरई आमच्यापासून फार दूर नाही. ऑस्बर्नने बर्फ फोडायला कोळसा नेला. इकडे कोळशाच्या तळाशी बर्फाची सही होती. आणि दोनशे वर्षे जगभर जाळलेल्या कोळशाने तापलेल्या हवेत त्याच्या आर्क्टिकमधला बर्फ आज इतका विरळ झाला आहे, की ज्या वायव्य मार्गासाठी फ्रँकलिनची माणसे मेली त्यातून उन्हाळ्यात हौशी प्रवाशांची जहाजे जातात.

आमच्या गावात कोळसा भरलेली मालगाडी जाताना शाळकरी पोरे अजूनही डबे मोजतात. ते मोजणे चांगलेच. पण ऑस्बर्नच्या चरित्रातून मी शिकलो ते असे, की मोजताना कोणता रकाना कोरा राहिला हेही विचारत जावे, आणि ते त्या जागी आधीपासून राहणाऱ्यांना विचारावे.